पारसभाऊ, तुमची म्हैस मी हलवली

पारसभाऊ, त्या सकाळी तुमच्या नंबरवरून फोन आला. तुमचं नाव दिसलं तसा मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. दवाखान्यात एक गाय होती, तिचा मालक होता आणि मालकाची सासू होती. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. हात पुसायचं भान राहिलं नाही, तसाच फोन कानाला लावला.

"पल्हादभैया, यांच्या मोबाइलवर कुणीतरी लिहिलंय," भाभी म्हणाल्या. "वाचून दाखवू? 'नमस्कार. आपण बरेच दिवस इकडे फिरकला नाहीत. आपल्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते कळवले नाही, तर येत्या रविवारी प्रश्न बंद करण्यात येईल.' कोण आहे हा माणूस? ह्याला कुणी सांगितलं न्हाई का?"

"माणूस न्हाई भाभी, कंप्युटर आहे तो."

"कंप्युटरला एवढं टोचून बोलता येतं?"

येतं, भाऊ. तो मजकूर मीच लिहिला होता. दोन वेळा खोडून, शब्द चढवून उतरवून, 'फिरकला नाहीत'वर खूश होऊन लिहिला होता. लोक लाजतील, परत येतील, असा हिशोब होता. पहिला लाजला तो मीच. भाभींना म्हणालो, "त्या कंप्युटरला मी बघून घेतो." त्या म्हणाल्या, "रागवू नका त्याला. न्हाई माहीत तर न्हाई माहीत."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. गाईला टोचायची सुई धरून मी दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. सासूनं जावयाला विचारलं, "डॉक्टर बरे आहेत ना?"

हे 'गव्हाणी'वरच टाकणार आहे, आणि तिथं नवीन आलेली पोरं-पोरीही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगतो. तुम्ही कंटाळू नका. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगताना मी त्यात स्वतःला मोठा करतो का, ते बघायला तुम्हाला आवडायचंच.

आधी आम्हा गुरांच्या डॉक्टरांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात कुणी अडलेल्या गाईचा फोटो टाकला की त्याच्यावर शुभ सकाळची फुलं पडायची, फुलांवर कुणाच्या तरी पुतण्याचं लग्न, आणि गाय जायची तळाला. आठवड्यानं कुणीतरी वर सरकत सरकत तिथं पोचून उत्तर द्यायचा, तोवर गाय व्यायलेली असायची, नाहीतर गेलेली. म्हणून मी 'गव्हाण' काढली. प्रत्येक प्रश्नाची जागा वेगळी, उत्तरं त्याच्याखाली, जुनं शोधता येईल अशी सोय. परतूरच्या माझ्या दवाखान्यात बसून, व्हिडिओ बघून बघून शिकलो. नाव तुम्ही दिलं. म्हणालात, "गव्हाण म्हण. सगळ्यांनी येऊन तोंड घालायचं, अन् शिंगं बाहेर ठेवायची."

शिंगं बाहेर ठेवायचा नियम पहिल्या महिन्यात मीच मोडला. मी मानाच्या पदव्या काढल्या. जेवढी उत्तरं जास्त तेवढी पदवी मोठी. सुरुवातीला वासरू, मंग गोऱ्हा, मंग बैल आणि सगळ्यात वर वळू. मला वाटलं, चुरस लागेल. लागली की. हसनाबादच्या डॉक्टर मुक्ताबाई सगळ्यांच्या आधी वळू झाल्या, आणि पुढं त्यांनी मला ती पदवी रद्द करू दिली नाही, आजही मिरवतात. आणि तुम्ही? तुम्ही वासरूच राहिलात. उभा जन्म घनसावंगीच्या पट्ट्यात गुरं तपासण्यात गेलेला माणूस वासरू, कारण यंत्र फक्त उत्तरं मोजायचं आणि तुम्ही लिहायचात ते प्रश्नच. तेही बहुतेक वेळा एका शब्दाचे. कुणी लिहिलं, 'अमुक औषध दिले, जनावर बरे आहे,' की खाली तुमचं यायचं, "मंग?"

मंग म्हणजे पुढं काय झालं. चार दिवसांनी खाल्लं का? पुढच्या वेताला कसं झालं? लोक वैतागायचे. औषध दिलं, जनावर उठलं, आता आणखी काय? एकानं मला खाजगीत लिहिलं, ह्या वासराला आवरा.

मी आवरलं नाही, पण सोय म्हणून एक चौकोन बसवला. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'पुढे काय झाले?' तो भरायचा प्रश्न विचारणाऱ्यानं, दुसऱ्या कुणाला तो उघडतच नाही. भरला की प्रश्न मिटला. तुम्ही खूश झालात, मला घरी बोलावून दालबाटी खाऊ घातलीत, सूर्य मावळायच्या आत, घाई करकरून. "जल्दी खा, तुझ्यापायी मी उपाशी राहीन." मी तुपात बुडालेलो असताना तुम्ही म्हणालात, "आता ह्याला तारीख लावू नको." मी मान हलवली, आणि पंधरा दिवसांत तारीख लावली. तीन आठवडे विचारणारा आला नाही तर इशारा, आणि त्याच्या पुढच्या रविवारी प्रश्न बंद.

त्यावर आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

तुमचं म्हणणं, "बंद कशापायी? काय जागेचं भाडं भरून राह्यला का तू?"

माझं म्हणणं, "भाऊ, वर अर्धवट प्रश्नांचा ढीग होतो. नवीन माणूस बघून पळतो."

"पळू दे. अर्धवट तर सगळंच असतं. तुला घर आवरायचंय का गुरं बरी करायचीत?"

"दोन्ही."

"दोन्ही करणारा माणूस मी बघितला न्हाई अजून."

मी घर आवरतच राहिलो. दिवाळीनंतर मी सगळी 'गव्हाण' अवयवांप्रमाणे लावली. पोट, कास, खूर, गर्भ, कातडी. उरलंसुरलं 'इतर'. मला त्याचा फार अभिमान होता. बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "खाटकाच्या दुकानासारखं दिसतं." तुम्ही ते ऐकून एवढे हसलात की खोकला लागला. आणि मंग खोकला थांबवून जे म्हणालात ते मी तेव्हा तुमचा हट्ट म्हणून सोडून दिलं. "पल्हाद, जनावर काय नुसतं पोट घेऊन येतं का तुझ्याकडं? सगळंच्या सगळं येतं, मागं मालक घेऊन येतं. आता कुणी म्हणलं दूध देत न्हाई, तर ते मी कुठं टाकू? कासंत, पोटात, का मालकाच्या डोक्यात?"

"कासेत टाका," मी म्हणालो. "दूध कुठून येतं?"

तुम्ही माझ्याकडं बघून नुसतं हं केलंत.

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही 'इतर'मध्ये टाकलात. मुद्दाम, हे मला कळलं. मला खिजवायला, असं मला वाटलं. मी तो उचलला आणि 'कास' विभागात नेऊन ठेवला. त्याच दिवशी तुमचा निरोप आला, "तू माझी म्हैस हलवली." मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी फोन करून भांडू, असं ठरवलं. त्या संध्याकाळी एक अडलेली गाय निघाली, दुसऱ्या दिवशी दुसरं काही, आणि चौथ्या दिवशी मुक्ताबाईंचा फोन आला. त्या नुसतंच "अहो सर, पारसभाऊ..." म्हणाल्या आणि थांबल्या.

उठावण्याला मी मागच्या रांगेत बसलो होतो. लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते आणि माझ्या डोक्यात सारखं एकच, म्हैस हलवली. शोकसभेत बसून माणसानं म्हशीचा विचार करू नये. पण तुम्हीही असतात तर तेच केलं असतंत.

भाभींचा फोन येऊन गेल्यावर मी तो प्रश्न पुन्हा उघडला. तारीख पुढं ढकलणं माझ्या हातात होतं, एका बटणाचं काम. ढकलली. अस्वस्थपणा गेला नाही. मंग पहिल्यांदाच तो प्रश्न मी शेवटपर्यंत वाचला. हो, पहिल्यांदाच. 'दूध' हा शब्द दिसल्यावर मी हलवून मोकळा झालो होतो.

तुम्ही लिहिलं होतं: "गोदाकाठची सुमनबाईची म्हैस. तिसरं वेत. महिनाभर दूध बराबर, मंग पान्हा बंद. ताप न्हाई, कासंला सूज न्हाई, दगडी न्हाई, कास मऊ, खालची वगार जित्ती आहे. सकाळी बिलकुल देत न्हाई, संध्याकाळी कधीमधी थोडं देते. खाते बराबर. हौदाला तोंड लावते अन् मागं सरते. बाई बाजाराला न्यायचं म्हणून राह्यली. मी सांगितलंय, परत येऊन बघतो, तोवर विकू नको. काय असंल?"

खाली उत्तरांची रांग. कासेची तपासणी करा. कासेला शेक द्या. सडांना हे लावा. पान्हा सोडायचं इंजेक्शन द्या. सगळे कासेवर. हौदावर एकही नाही. मुक्ताबाईंनीसुद्धा कासेवर लिहिलं होतं. त्यांना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, प्रश्न कास विभागात होता. मी तेवढीच नजर घेऊन आत गेले."

वळूपुढं काय बोलणार?

"पण सर, त्या बाईचं काय?" त्यांनी विचारलं. "भाऊंनी तिला थांबवून धरलंय. ते आता येत नाहीत, हे तरी तिला कुणी सांगितलं का?"

भाऊ, ते कुणीच सांगितलं नव्हतं. नोटीस मात्र बिनचूक गेली होती, गेलेल्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. नेहमीप्रमाणे मोटारसायकलच्या डिकीत बॅग आणि पायात गमबूट. गमबुटाचं आपलं दुसरं भांडण. 'गव्हाणी'वरचा सगळ्यात लांब वाद तोच असेल. मी जंतू, जखमा, धनुर्वात असं सगळं शिस्तीत लिहिलं होतं, आणि तुम्ही गोठ्याच्या दारात चपला काढून अनवाणी आत जायचात, ते बिलकुल चूक आहे हे साधार पटवून दिलं होतं. तुमचं उत्तर एका ओळीचं. "दुसऱ्याच्या घरात जाऊन राह्यलो, चपला काढतोच की." मी लिहिलं, ही भावना झाली, शास्त्र नव्हे. तुम्ही लिहिलं, "मंग?" तिथं सगळ्यांनी मला अंगठे दिले. शास्त्राच्या बाजूनं मी आजही बरोबर आहे, हे इथं नोंदवून ठेवतो.

सुमनबाई दारातच होत्या. वाडग्याच्या मध्यभागी नवा गोठा, पत्र्याचा, खाली सिमेंटचा कोबा, कडेला हौद, हौदावर पाण्याची मोटार. म्हैस एकटी आत. बैल बाहेर लिंबाखाली.

"मोठे डॉक्टर न्हाई आले?" त्यांनी विचारलं.

सगळ्या रस्त्यानं मी वाक्य जुळवत आल्तो. ऐन वेळी एवढंच निघालं, "ते गेले, बाई."

त्या खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "तरीच. एवढ्या दिवसांत सांगून न आलेला माणूस न्हाई तो. मालक म्हणले, विसरले असतील, रविवारच्या बाजाराला घेऊन जाऊ. मी म्हणलं, थांबा. त्यांनी येतो म्हणलंय."

मी म्हशीकडं वळलो. भोवती फिरून बघितलं. कास बघितली, अर्थातच आधी कासच. चांगली होती. तेवढ्यात लाइट आली, मोटार घुरघुरली, हौदात पाणी पडायला लागलं. म्हशीनं एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला. पाण्याला तोंड लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"असंच करते," सुमनबाई म्हणाल्या. "धार काढायच्या टायमाला तर नुसती नाचते."

"भाऊ आल्ते तेव्हा पण असंच करत होती?"

"न्हाई ना. ते दुपारी आल्ते. दुपारी लाइट नव्हती, उकाड्यात बसलो आम्ही. तेव्हा गपगार उभी होती. म्हणले, परत एकदा सकाळी धारेच्या टायमाला येतो."

मी तिथं उभा, गुडघ्यापर्यंत रबर घालून, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. सुमनबाई लाकडी पाटावर बसून धार काढायच्या, पायात रबरी चपला, कारण कोबा गार लागतो. तुमचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं. दुसऱ्याच्या घरात जाऊन राह्यलो. आता खरं सांगतो, निदान करायला म्हणून नाही, तुमच्या आठवणीनं, थोडं नाटकच म्हणा, मी गोठ्याच्या दारात गेलो, बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी ओल्या कोब्यावर आलो.

तळव्यांना मुंग्या आल्या.

आधी वाटलं, पाय बुटात आखडले असतील. हौदाजवळ गेलो तशा पिंडरीपर्यंत चढल्या. तेव्हा मात्र मी जी उडी मारली, तशी ह्या वयात मारता येते हे मला माहीत नव्हतं. "मेन स्विच बंद करा" असं ओरडत मी बाहेर आलो आणि थेट शेणात उभा राहिलो. मोटारीची वायर पत्र्याला घासून सोललेली होती. थोडा थोडा करंट ओल्या कोब्यात आणि हौदात उतरत होता. माणसांच्या पायात रबर होतं, लाइट नसलेल्या संध्याकाळी म्हशीचा पान्हा सुटत होता, आणि हौदाचं अन् संध्याकाळचं तर तुम्ही प्रश्नात लिहूनच ठेवलं होतं. फक्त ते कासेच्या कपाटात बंद होतं.

"हाताला मुंग्या येत होत्या मला पण," सुमनबाई म्हणाल्या. "मी म्हणलं वय झालं."

गावातला वायरमन आला. त्यानं सगळं बघितलं, माझ्या शेणाच्या पायांकडं बघितलं, खिशातला टेस्टर काढला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हा बारीकसा असतो, स्वस्तात भेटतो. स्वतःला कशाला वापरून राह्यले?"

वायर बदलेपर्यंत स्विच बंदच होता. म्हशीनं हौदाला तोंड लावलं. ह्या वेळी काढलं नाही. एवढं पाणी प्यायली की मी आणि सुमनबाई नुसते बघत राहिलो. तुम्ही तिथं असायला पाहिजे होतात, एवढंच सारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी तुमचा राग येत होता. एक सकाळ आणखी थांबला असतात तर. मुंग्या तुमच्या पायाला यायच्या होत्या, माझ्या नाही. तुम्ही उडी न मारता कळवलं असतं.

घरी येऊन तुमचा प्रश्न उचलला आणि 'इतर'मध्ये परत ठेवला. तारखेचा नियम काढून टाकला. अवयव अजून काढलेले नाहीत, भाऊ. ते काढायचे की नाही ह्याच्यावर माझा विचार चालू आहे, आणि तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. काही माणसांना खरंच कास शोधायची असते. पण आता कुठलाही प्रश्न मला न विचारता हलत नाही, आणि मी विचारणाऱ्याला विचारल्याशिवाय हलवत नाही. ही तडजोड तुमच्यासमोर झाली असती तर तुम्ही आणखी दोन अटी घातल्या असत्या. त्या कुठल्या, ह्याचा विचार करत मी सकाळपासून चहा गार करतोय.

मंग 'पुढे काय झाले?' चौकोन भरायला गेलो. उघडेना. विचारणाऱ्यालाच उघडतो, नियम माझाच. चालकाच्या अधिकारात तुमच्या नावानं आत जाता आलं असतं. बोट तिथपर्यंत नेलं. तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी तुमच्या म्हशीचं सांगायचं, ते बरं दिसलं नसतं. म्हणून बाकीच्यांसारखं खाली उत्तर म्हणून लिहिलं. करंट होता, हौदातून येत होता, पाणी प्यायली, बाजार रद्द. पारसभाऊंनी हौदाचं आधीच लिहिलं होतं, आपण वाचलं नाही. तुमचा चौकोन रिकामाच आहे. म्हणजे नियमाप्रमाणे प्रश्न अजून उघडा आहे आणि वरच राहणार आहे. नवीन माणूस येईल, बघेल, पळायचा असेल तर पळेल.

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. फुलंसुद्धा आली. कुणीतरी 'शत शत नमन' टाकलं. मी वाचत होतो आणि काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, सारखा फोनचा पडदा खाली ओढून बघत होतो. मंग मुक्ताबाईंचं आलं. एकच शब्द.

"मंग?"

मंग काय? पाणी प्यायली ते मी बघितलं. दूध दिलं का, ते कुठं बघितलंय? सुमनबाई फोनवर म्हणाल्या, थोडं थोडं द्यायला लागलीय. पण फोनवरचं दूध तुम्ही कधी धरलं नाही.

उद्या सकाळी धारेच्या टायमाला परत जाऊन राह्यलो, भाऊ. टेस्टर घेतलाय. गमबूट घरीच ठेवतो आणि चपला घालून जातो, दारात काढायला बऱ्या.